लिम्फोमावरच्या नव्या एडीसीचा फेज वन अहवाल कसा वाचावा

मी फेज वन चाचण्यांची, म्हणजे नवं औषध माणसांना पहिल्यांदा देऊन बघतात त्या चाचण्यांची, समन्वयक आहे. संमतीपत्राच्या बैठकीला पेशंटचा मुलगा किंवा मुलगी बहुधा पेपरचा प्रिंटआउट घेऊनच येते. त्यात रिस्पॉन्स रेटच्या आकड्यावर हायलायटर फिरवलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती टक्के लोकांना गुण आला?" लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, दोन-तीनदा उलटलाय, स्टेम सेल ट्रान्सप्लांटही होऊन गेलंय, अशा घरातून दुसरं काय विचारणार! पण तो आकडा सर्वांत शेवटी बघायचा असतो. फेज वन चाचणी मुळात डोस शोधण्यासाठी असते, म्हणून पेपरही त्याच क्रमाने वाचावा.

सुरुवात औषधाच्या नावापासून करा. एडीसी, म्हणजे अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट, तीन तुकड्यांचं असतं: गाठीच्या पेशीवरचं टार्गेट ओळखणारी अँटिबॉडी, पेशी मारणारा पेलोड आणि दोघांना बांधून ठेवणारा लिंकर. नावाचा दुसरा शब्द पेलोड सांगतो. 'वेडोटिन' असेल तर आत एमएमएई नावाचं विष आहे. ते पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल मोडतं. नसांच्या लांबलचक तंतूंमधली वाहतूक याच मायक्रोट्यूब्यूलवर चालते, म्हणून हातापायांना मुंग्या येतात. शिवाय न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घसरतात. 'टेसिरीन' असेल तर पीबीडी हा पेलोड: अंगावर सूज, छातीत पाणी, जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम वाढणं, उन्हाने त्वचेवर चट्टे. 'ओझोगामिसिन' म्हणजे कॅलिकियामायसिन, तिथे प्लेटलेट आणि लिव्हरकडे लक्ष. 'माफोडोटिन' दिसलं की डोळ्यांच्या तपासणीचं वेळापत्रक शोधा. टार्गेट सीडी३० असो, सीडी१९ असो की सीडी७९बी (ही पेशीवरच्या प्रथिनांची नावं), दुष्परिणामांचा बराचसा अंदाज पेलोडवरूनच येतो.

बराचसा म्हणते, सगळा नाही. कॅमिडान्लुमॅब टेसिरीन हे सीडी२५ वरचं औषध. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमात त्याला चांगला प्रतिसाद मिळाला, पण काही पेशंटना गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणारा आजार, झाला. टेसिरीनचा पेलोड ओळखीचा असूनही त्यावरून ही शंका आली नसती. म्हणून दुष्परिणामांच्या तक्त्यातल्या तळाच्या ओळी वाचा, जिथे एक किंवा दोन पेशंटच नोंदलेले असतात. महत्त्वाच्या गोष्टी बऱ्याचदा तिथेच असतात.

आता डोसची शिडी. ब्रेंटुक्सिमॅब वेडोटिनचा पहिला अहवाल २०१० साली आला. ४५ पेशंट, बहुतेक हॉजकिनचे, दर तीन आठवड्यांनी डोस, ०.१ मिग्रॅ. प्रति किलोपासून ३.६ पर्यंत चढत गेलेला. सहन होणारा सर्वाधिक डोस ठरला १.८. शिडीवरच्या प्रत्येक पायरीला किती पेशंट होते, ते पेन्सिलने समासात लिहून काढा. जुन्या 'तीन अधिक तीन' पद्धतीत एका पायरीवर तिघांना औषध देतात. कुणालाही डोस थांबवण्याइतका त्रास, म्हणजे डीएलटी, झाला नाही तर पुढची पायरी. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तीन. सहांपैकी दोघांना झाला की वर जाणं बंद.

"तिघांपैकी कुणालाच त्रास नाही" हे वाक्य ऐकायला छान आहे. पण हिशोब करून बघा. समजा खरं प्रमाण तीनात एक आहे. एक पेशंट सुटण्याची शक्यता दोन तृतीयांश, तिघेही सुटण्याची ८/२७, म्हणजे जवळपास ३० टक्के. तिघे सुखरूप राहिले म्हणून डोस सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की पुढची पायरी चढायला हरकत नाही. हल्लीच्या बऱ्याच चाचण्या गणिती मॉडेलवर डोस ठरवतात, पण एका पायरीवर माणसं थोडीच असतात, त्यामुळे ही मर्यादा तिथेही राहते.

आणि आता माझ्या मते अहवालातली सर्वांत महत्त्वाची जागा: डीएलटीची मुदत. बहुतेक ठिकाणी ती फक्त पहिल्या सायकलपुरती, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या फेरीपुरती, असते, २१ दिवस. न्यूट्रोफिल त्या काळात पडतात, म्हणून ते पकडले जातात. मुंग्या मात्र साचत जातात. त्या कितव्या सायकलला सुरू होतील, त्याच्याशी या मुदतीला देणंघेणं नाही. पोलाटुझुमॅब वेडोटिनचं उदाहरण घ्या. एकट्याने दिलं तेव्हा फेज वनने २.४ मिग्रॅ. प्रति किलो हा डोस सुचवला. पुढे सायकली वाढल्या तशी न्यूरोपथी, म्हणजे नसांचा हा त्रास, वाढली. २०१९ मध्ये बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधांच्या जोडीने ते मंजूर झालं, तेव्हा डोस होता १.८ आणि सायकली जास्तीत जास्त सहा. लॉन्कास्टुक्सिमॅब टेसिरीनचंही तसंच. पहिल्या दोन सायकलींना ०.१५ मिग्रॅ. प्रति किलो, तिसरीपासून थेट निम्मा. सोबत तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, सूज आटोक्यात राहावी म्हणून.

तेव्हा डीएलटीच्या तक्त्यावर थांबू नका. किती जणांचा डोस पुढे ढकलला, किती जणांचा कमी केला, किती जणांनी त्रासामुळे औषध सोडलं आणि मधल्या पेशंटला (अहवालात 'मीडियन' लिहितात) किती सायकली मिळाल्या, हे शोधा. मजकुरात सापडलं नाही तर परिशिष्टात असतं. चार सायकलींनंतर निम्मे लोक कमी डोसवर आले असतील, तर पेपरच्या सारांशातला डोस हा प्रत्यक्षातला डोस नव्हेच. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केलं ते याचसाठी: सोसेल तेवढा जास्त डोस घेण्याऐवजी दोन-तीन डोस एकमेकांशी ताडून बघा, असा त्यांचा आग्रह आहे. नवीन अहवालात अशी तुलना नसेल, तर ती का नाही, हे विचारायला हरकत नाही.

न्यूरोपथीची ग्रेड, म्हणजे त्रासाची तीव्रता, कशी ठरते, तेही बघून ठेवा, कारण तक्त्यातला '२' हा आकडा शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी प्रश्नातून येतो. "मुंग्या येतात का?" असं विचारलं की पेशंट "थोड्या" म्हणतो आणि विषय संपवतो, डोस थांबेल ही त्याला धास्ती. मी विचारते, "काका, आज शर्टाची बटणं कुणी लावली?" काका बायकोकडे बघतात. मग टेबलावर एक नाणं आडवं ठेवून ते उचलायला सांगते. ते बोटाने सरकवत कडेपर्यंत नेतात आणि खाली पडताना तळहातात झेलतात. मोबाइलवर नंबर दाबता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत, ही ग्रेड २. स्वतःचे कपडे घालणं, जेवणं दुसऱ्यावर येऊन पडलं की ग्रेड ३. डॉक्टरांना मी बटणांचंच सांगते, "थोड्या" असं सांगत नाही. वेळेवर डोस कमी केला किंवा थोडा थांबवला तर बऱ्याच जणांची न्यूरोपथी निदान कमी तरी होते. तेव्हा घरच्यांनो, लपवाछपवीत त्यांना साथ देऊ नका.

आता तो हायलायटर लावलेला आकडा. ब्रेंटुक्सिमॅबच्या त्याच अहवालात तीन आकडे आहेत आणि तिन्ही खरे आहेत. ४५ पैकी १७ जणांना प्रतिसाद, म्हणजे ३८ टक्के. १.८ च्या डोसवर १२ पैकी ६, म्हणजे ५० टक्के. आणि मोजता आलेल्या ४२ पैकी ३६ जणांच्या गाठी कमी-अधिक लहान झाल्या, म्हणजे ८६ टक्के. हायलायटर कुठे फिरतो, हे सांगायला नको. गाठ थोडी आक्रसणं आणि प्रतिसादाच्या निकषात बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून टक्केवारीखालचा छेद आधी वाचा: किती पेशंट, कोणत्या डोसवर, कोणता लिम्फोमा. शेवटचा मुद्दा फार चुकवला जातो. इनोटुझुमॅब ओझोगामिसिनच्या पहिल्या चाचणीत सगळे मिळून प्रतिसाद ३९ टक्के होता. पण ठरलेल्या डोसवर फॉलिक्युलर या प्रकारच्या लिम्फोमावाल्यांचा ६८ आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल या आक्रमक प्रकारवाल्यांचा १५. तुमच्या वडिलांना डिफ्यूज लार्ज असेल, तर ३९ हा आकडा त्यांचा नव्हेच. या औषधाची आक्रमक लिम्फोमातली फेज थ्री चाचणी २०१३ मध्ये फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून थांबवली गेली. पुढे २०१७ मध्ये ते मंजूर झालं, पण एका प्रकारच्या तीव्र ल्युकेमियासाठी.

वॉटरफॉल आलेख, म्हणजे खाली उतरणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा, बघायला भारी असतो. त्यावर वेळ घालवू नका. गाठ किती लहान झाली ते तो सांगतो, किती दिवस लहान राहिली ते सांगत नाही. स्विमर आलेख शोधा. प्रत्येक आडवी पट्टी एक पेशंट, टोकाला बाण असेल तर तो अजून प्रतिसादात आहे. प्रतिसाद मिळताच ट्रान्सप्लांटला गेलेले किती, तेही तिथेच कळतं. त्यांच्या पुढच्या आयुष्याचं श्रेय एकट्या औषधाला देता येत नाही.

सहीपूर्वी टीमला विचारायचं ते थोडक्यात. आम्ही डोस वाढवण्याच्या गटात की ठरलेल्या डोसच्या विस्तार गटात? आमच्या डोसवर आतापर्यंत किती जण आणि ते किती सायकली टिकले? त्रास झाला तर डोस कमी करता येतो का, की थेट बाहेर? औषधाची पातळी मोजायला किती वेळा रक्त देणार आणि त्या दिवशी किती तास थांबायचं? आणि औषध सीडी१९ वरचं असेल तर: यानंतर कार-टी सेल (पेशंटच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार) करायचं ठरलं, तर तेही बहुधा सीडी१९ लाच धरतं, मग गाठीची नवी बायोप्सी घेऊन सीडी१९ शिल्लक आहे का ते बघणार का? हा प्रश्न आधीच विचारून उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पुढचा बेत आखताना ते लागेल.