एका बदलासाठी एक पुडके : डायपर, पुसण्याचे साहित्य आणि कचऱ्याची पिशवी एकत्र कशी बांधावी

बाळाला घेऊन घराबाहेर पडताना डायपर, वाइप्स, मलम आणि पिशव्या या वस्तू बहुतेक पालक बरोबर घेतातच. अडचण होते ती या वस्तू मोठ्या बॅगेच्या वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेल्या असतात म्हणून. घाण झालेला डायपर उघडल्यावर एक हात बाळाचे पाय धरण्यात गुंततो, दुसरा स्वच्छ राहिलेला नसतो, आणि वाइप्सचे पाकीट तळाशी गेले आहे किंवा रिकामी पिशवी घरीच राहिली आहे हे नेमके तेव्हाच लक्षात येते. एका वेळच्या बदलाला लागणारे सगळे साहित्य एकाच छोट्या पुडक्यात बांधून ठेवले, तर हा गोंधळ टळतो. अशी तयार पुडकी विकतही मिळतात; परंतु ती घरी बांधणे अवघड नाही, आणि घरच्या पुडक्यातील डायपर आपल्या बाळाच्या मापाचा व वाइप्स त्याच्या त्वचेला मानवणारे असतात, हा फायदा थोडाथोडका नाही.

पुडक्यात काय काय घालायचे हे ठरवणे सोपे आहे. खरा विचार करावा लागतो तो कोणती वस्तू कोणत्या क्रमाने हाताला लागेल याचा. आधी बाळाखाली अंथरण, मग उघडून ठेवलेली पिशवी, मग पुसण्याचे साहित्य आणि शेवटी नवा डायपर, असा कामाचा क्रम असतो. पुडके उघडताना वस्तू याच क्रमाने बाहेर आल्या पाहिजेत. त्यातही पिशवीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बहुतेक लोक ती सर्वांत शेवटी शोधतात, तर प्रत्यक्षात जुना डायपर सोडण्यापूर्वीच तिचे तोंड उघडलेले असायला हवे.

प्रथम डायपरविषयी. बाजूने चिकटपट्ट्या असलेला डायपर आणि चड्डीसारखा वर ओढायचा डायपर, असे दोन प्रकार सर्वत्र मिळतात. चड्डीचा प्रकार घालण्यासाठी बाळाचे बूट आणि पायजमा पूर्ण काढावा लागतो, म्हणून आडवे झोपवून बदलण्याच्या वयात बाहेरच्या पुडक्यासाठी पट्ट्यांचा डायपरच सोयीचा पडतो. उभे राहणारे, आडवे पडायला तयार नसलेले मूल असेल, तर मात्र चड्डीचा प्रकार घ्यावा. तो काढताना खाली न ओढता दोन्ही बाजूंचे जोड फाडून काढावा, म्हणजे पाय बरबटत नाहीत.

पुडके बांधणाऱ्याने डायपरची रचना थोडी समजून घेतलेली बरी. त्याचा गाभा लाकडाच्या लगद्याचे तंतू आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाच्या पदार्थाचे बारीक कण यांचा बनलेला असतो. हे कण शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पटींनी शोषतात. लघवीत क्षार असल्यामुळे ती क्षमता बरीच उतरते, तरीही नेहमीच्या वापराला ती पुरते. मात्र ओलावा कोठून आला याच्याशी या कणांना काही कर्तव्य नसते. ओले वाइप्स डायपरच्या घडीत उघडे ठेवले, तर डायपर त्यांतील पाणी हळूहळू ओढून घेतो आणि आठवडाभराने कोरडे वाइप्स व ओलसर डायपर असे उलटे पुडके हाती येते. म्हणून ओली वस्तू बंद वेष्टनाशिवाय पुडक्यात घालू नये.

वाइप्सची व्यवस्था तीन प्रकारे करता येते. सुटी, एकेक करून सीलबंद केलेली वाइप्स मिळत असतील तर ती थेट घालावीत. ती न मिळाल्यास मोठ्या पाकिटातील पाच-सहा वाइप्स स्वच्छ धुतलेल्या व कोरड्या हातांनी काढून, घट्ट बंद होणाऱ्या झिपच्या छोट्या पिशवीत, आतील हवा दाबून काढून ठेवावीत. मात्र असे पुडके दोन-तीन दिवसांत वापरावे, कारण मूळ पाकिटाबाहेर काढलेली वाइप्स लवकर वाळतात आणि हाताळणीतून त्यांत जंतूही शिरू शकतात. तिसरा मार्ग म्हणजे मऊ सुती कापडाचे किंवा कापसाचे कोरडे चौकोन घालणे आणि स्वच्छ पाण्याची लहान बाटली बॅगेत वेगळी ठेवणे. जे पुडके गाडीत किंवा कार्यालयाच्या खणात अडीअडचणीसाठी कित्येक आठवडे पडून राहणार आहे, त्यासाठी हा तिसरा मार्गच मला सर्वांत खात्रीचा वाटतो. कोरडे कापड वाळण्याचा प्रश्न येत नाही आणि नवजात बाळाच्या त्वचेला साधे पाणी सहसा मानवते.

केवळ लघवी असेल तर एक-दोन वाइप्स पुरतात, पण पुडके शी गृहीत धरूनच बांधावे आणि त्यात पाच-सहा वाइप्स असावीत. सुगंध आणि अल्कोहोल नसलेली वाइप्स निवडावीत. वेष्टनावरील घटकांच्या यादीत मिथिलआयसोथायझोलिनोन हे नाव आढळल्यास ते पाकीट टाळलेले बरे, कारण या परिरक्षकामुळे त्वचेची अॅलर्जी होऊ शकते हे सिद्ध झालेले आहे. कोणतेही नवे वाइप्स प्रथम घरी वापरून पाहावे, प्रवासात नव्हे.

मलम पुडक्यात घालायचे असल्यास झिंक ऑक्साइडचे किंवा साधी पेट्रोलियम जेली, तीही घट्ट झाकणाच्या अगदी लहान डबीत घालावी. पावडर घालू नये. तिचे बारीक कण श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो आणि तिचा फायदा फारसा नाही.

पिशवी निवडताना ती गळकी नसणे, अपारदर्शक असणे आणि गाठ मारण्याइतकी लांब असणे, या तीन गोष्टी पाहाव्यात. तान्ह्या बाळाच्या डायपरसाठी साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पिशवी पुरते. पण भिजलेला डायपर कोरड्यापेक्षा बराच फुगतो हे विसरू नये. घरी वापरलेला एखादा पूर्ण भिजलेला डायपर गुंडाळून त्या पिशवीत घालून पाहावा आणि वर गाठ मारण्याइतका गळा शिल्लक राहिला, तरच त्या आकाराची पिशवी पुडक्यांसाठी घ्यावी. सुगंधी पिशव्यांवर अधिक खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही. दुर्गंधी सुगंधाने झाकत नाही, हवा बाहेर काढून मारलेल्या घट्ट गाठीने ती अडते. कुजणाऱ्या पिशव्यांचेही तसेच आहे. स्टार्चपासून बनवलेली पिशवी दमट हवेत दीर्घकाळ राहिल्यास कमकुवत होते, आणि आत डायपरसारखी प्लॅस्टिक असलेली वस्तू असल्यामुळे ते गाठोडे खताकडे कधी जातच नाही. दुसऱ्या कशाच्या वेष्टनाची जाड, छिद्र नसलेली पिशवी हाताशी असेल तर तीच पुन्हा वापरणे शहाणपणाचे ठरते. मात्र रिकामी पिशवी बाळाच्या हाताला लागणार नाही याची काळजी घ्यावी. प्लॅस्टिक तोंडावर चिकटून बाळ गुदमरू शकते.

आता बांधणी. एका बाजूने शोषक आणि दुसऱ्या बाजूने पातळ प्लॅस्टिक असलेले एकदा वापरायचे अंथरण, शोषक बाजू वर करून सपाट पसरावे. त्याच्या एका टोकाला घडी केलेला डायपर ठेवावा, त्यावर वाइप्सची बंद पिशवी आणि मलमाची डबी, आणि सर्वांत वर कचऱ्याची पिशवी. मग त्याच टोकापासून सुरुवात करून अंथरण घट्ट गुंडाळत न्यावे. प्लॅस्टिकची बाजू बाहेर राहत असल्यामुळे बॅगेतील ओल आणि धूळ आत जात नाही. आणि वापरताना गुंडाळी उलगडत गेल्यावर बाळाला झोपवण्याची जागा आधी मोकळी होते व साहित्य दूरच्या टोकाला, म्हणजे बाळाच्या पायांशी, उघडते. पुडके बंद करण्यासाठी रबर बँड वापरू नये, कारण तो सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. कागदी चिकटपट्टी पुरेशी आहे. त्या पट्टीवर डायपरचे माप आणि पुडके बांधल्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी.

सॅनिटायझर पुडक्यात न घालता बॅगेच्या बाहेरच्या, बाळाचा हात न पोहोचणाऱ्या कप्प्यात ठेवावे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असावे. तरीही हातांना घाण लागलेली दिसत असेल तर सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही, आणि नोरोव्हायरससारख्या जुलाब पसरवणाऱ्या विषाणूंवर त्याचा परिणाम मर्यादित असतो. म्हणून पाणी मिळताच साबणाने २० सेकंद हात धुवावेत. बाळाला रोटाव्हायरसची लस नुकतीच दिलेली असेल, तर लशीतील विषाणू काही दिवस शीमधून बाहेर पडतो, तेव्हा हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा.

प्रत्यक्ष बदलताना उंच जागेपेक्षा जमीन सुरक्षित; उंचावर बदलावेच लागले तर बाळावरून हात काढू नये. पिशवीचे तोंड उलटवून ती पायांशी उभी करावी आणि नवा डायपर उघडून बाजूला ठेवावा. जुना डायपर सोडल्यावर तो लगेच ओढून काढण्याऐवजी त्याच्याच पुढच्या स्वच्छ भागाने बरीचशी शी मागे पुसून घ्यावी आणि तो भाग आत दुमडून बाळाच्या खाली राहू द्यावा. तो खालच्या अंथरणाचे रक्षण करतो. पुसणे नेहमी पुढून मागे असावे, मुलींच्या बाबतीत तर कटाक्षाने, नाहीतर शीमधील जंतू मूत्रमार्गाकडे जातात. मुलाच्या शिश्नाची पुढची त्वचा मागे ओढू नये. जांघेच्या घड्या पुसल्यावर त्वचा घासून नव्हे, हलके टिपून कोरडी करावी, आणि त्यानंतरच मलम लावावे. नवजात बाळाची नाळ पडलेली नसेल तर डायपरची कड तिच्या खाली दुमडावी. पट्ट्या लावून झाल्यावर मांड्यांभोवतीच्या झालरी बोटाने बाहेर काढाव्यात; गळती बहुतेकदा या झालरी आत दुमडलेल्या राहिल्यामुळेच होते.

पुडके जवळ असूनही घरी पोहोचेपर्यंत थांबण्याचा मोह होतो. नुसत्या लघवीच्या बाबतीत थोडा वेळ चालतो, शीच्या बाबतीत नाही. शी आणि लघवी एकत्र आल्यावर युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, त्वचेवरची आम्लता कमी होते आणि शीमधील प्रथिने व चरबी पचवणारी विकरे अधिक जोमाने त्वचेवर काम करू लागतात. डायपर रॅशची सुरुवात बहुधा अशीच होते. रॅश दोन-तीन दिवसांत उतरला नाही, फोड आले, पू दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेली वाइप्स जुन्या डायपरच्या मधोमध ठेवून तो पुढून मागे घट्ट गुंडाळावा आणि त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा. जवळ शौचालय असेल तर त्याआधी घट्ट शी तेथे टाकून द्यावी. डायपर किंवा वाइप्स मात्र शौचालयात कधीही टाकू नयेत. डायपर पाण्याने फुगून नळ तुंबवतो, आणि बहुतेक वाइप्समध्ये कृत्रिम तंतू असल्यामुळे ती कागदासारखी विरघळत नाहीत. वेष्टनावर काहीही लिहिलेले असले तरी हेच पाळावे. अंथरण मळले असेल तर तेही आत घालून पिशवीतील हवा दाबावी आणि गाठ मारावी. कचरापेटी दिसेपर्यंत हे गाठोडे बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात बरोबर ठेवावे, बंद गाडीच्या उन्हात विसरू नये. ते पुनर्वापराच्या कागद-प्लॅस्टिकमध्ये किंवा कुजणाऱ्या कचऱ्यात टाकू नये, जाळू नये आणि पुरूही नये. जाळल्यास प्लॅस्टिकचा घातक धूर होतो आणि पुरलेले प्राणी उकरून काढतात. कचरा हाताने वेगळा केला जातो अशा ठिकाणी पिशवीवर ठळक खूण केल्यास ती उघडण्याची पाळी सफाई कामगारांवर येत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ व्यक्तीसाठीही हीच बांधणी उपयोगी पडते. त्यात पिशवी मोठी, वाइप्स दुप्पट आणि हातमोज्यांचा एक जोड लागतो. हातमोजे घातले तरी नंतर हात धुवावेच लागतात.

बाहेर जाताना दर दोन ते तीन तासांना एक याप्रमाणे पुडकी घ्यावीत आणि वर दोन जास्तीची. नवजात बाळाचा डायपर दिवसात आठ ते बारा वेळाही बदलावा लागतो, पुढे ही संख्या कमी होत जाते. बांधलेली पुडकी कोरड्या, थंड जागी ठेवावीत. बहुतेक बाळांचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवेळच्या दुप्पट झालेले असते, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला पट्टीवरचे माप पडताळून पाहावे. मांडीवर लाल वळ उठणे, पट्ट्या पोटावर जेमतेम पोहोचणे किंवा पाठीकडून गळती होणे ही माप अपुरे पडल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी पुडके उलगडून फक्त डायपर बदलावा, झिपच्या पिशवीतील वाइप्स ताजी घालावीत, बाकीचे साहित्य तसेच ठेवून पट्टीवर नवी तारीख लिहावी. निघालेला न वापरलेला डायपर लहान बाळ असलेल्या दुसऱ्या कोणाच्या घरी देता येतो.