घरीच गाडीचे ब्रेक पॅड बदलायचे असतील तर

भाऊ, मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो, तर हे काम सकाळी सहालाच काढा, उन्हात तापलेला पाना हातात धरवत नाही. इथे फक्त पुढच्या डिस्कचं सांगतोय, मागे ड्रम असेल तर ते काम वेगळं.

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक लावा आणि खाली जॅक स्टँड ठेवाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, कळकळीने सांगतोय.

चाक काढलं की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालचा बोल्ट खोलून कॅलिपर वर उचला आणि तारेने बांधा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. जुने पॅड कसे बसलेत याचा फोटो काढून घ्या. आता कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन, नवीन पॅड जाड असतात म्हणून तो सी क्लॅम्पने हळूहळू आत दाबावा लागतो, दाबताना बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा कारण लेव्हल वर येते आणि सांडलं तर रंग खाऊन टाकते, लगेच पाण्याने धुवा. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन पुसून ब्रेकचंच ग्रीस लावा, पॅडच्या घासणाऱ्या बाजूला मात्र थेंबही नको. धूळ फुंकायची नाही, ब्रेक क्लीनर मारा. मग फोटो बघून नवीन पॅड बसवा आणि कॅलिपर खाली आणा.

दुसऱ्या बाजूचेही पॅड बदला, एकाच चाकाचे कधीच नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळायच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा, मग चाक चढवून गाडी खाली घ्या.

गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही! मग मिहानकडे (नागपूरचा औद्योगिक भाग) मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत हळूहळू आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मध्ये थंड होऊ द्या.