तळघरातला पंप पावसाआधी चालवून पाहा

दुकान किंवा गोदामाच्या तळघरातला पाणी उपसायचा पंप महिनोन्‌महिने पडून असतो आणि ऐन पावसात दगा देतो. पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, अडकलेला असतो तो फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगत वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा भाग. पंपाच्या खड्ड्यातल्या गाळात रुततो, नाहीतर केबलला गुंडाळला जातो, मग पाणी चढलं तरी स्विच लागत नाही. म्हणून नुसतं बटण दाबून ‘चालतोय’ म्हणू नका. खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओता. फ्लोट उचलला जाऊन पंप आपोआप सुरू व्हायला हवा, आणि पाणी उतरल्यावर बंदही. बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खळखळत परत खड्ड्यात आलं, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) गेला समजा.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटर आवारात तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०,००० लिटर. पंपावरचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. पाणी जितकं उंच चढवायचं, तितका उपसा घटतो.

वादळात वीज जातेच, तेव्हा जनरेटर हवाच. माझ्या मते एका मोठ्या पंपापेक्षा आलटून-पालटून चालणारे दोन बरे. आणि कंट्रोल पॅनेल तळघरात जमिनीलगत? तो आधी वर हलवा.