सात वर्षं बेपत्ता, तरी मृत्यू दाखला मिळेना : माझा अनुभव (नाशिक)

अडचण : पोलिसांत मिसिंग दाखल, सात वर्षं उलटली, तरी मृत्यू नोंद होत नाही. बँक, विमा, सातबारा सगळं अडलेलं. नोटरीचं प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहीर सूचना, वारस दाखल्याचा अर्ज, कशानेच काम झालं नाही. नुसते हेलपाटे.

तोडगा दिवाणी दाव्यात होता. आधी पोलीस ठाण्यातून मिसिंग नोंदीची सही-शिक्क्याची प्रत आणि 'अद्याप शोध लागला नाही' असं ताज्या तारखेचं पत्र घ्या. मग सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, महापालिकेला वेगळी. मुदत संपली की सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) जवळच्या कोर्टात विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली, म्हणजे कोर्टाकडून तसं जाहीर करून मागणारा, दावा. आधार भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १११ (जुन्या पुरावा कायद्यातलं १०८) : सात वर्षं खबर नसेल तर माणूस मृत धरतात.

सात वर्षं मिसिंगच्या तारखेपासून नव्हे, शेवटची खबर मिळाली तेव्हापासून मोजतात. मध्येच एखादा फोन आलेला असेल तर मोजणी तिथून. साक्षीदारही असे हवेत ज्यांना माणूस जिवंत असता तर खबर लागलीच असती : बायको, भाऊ, जुना सोबती. लांबचा पुढारी कामाचा नाही.

खरी गोम दाव्यात कोर्टाकडे काय मागता त्या परिच्छेदात आहे. कायदा मृत्यू गृहीत धरतो, तारीख नाही. सुप्रीम कोर्टानं २००४ साली एलआयसी विरुद्ध अनुराधा खटल्यात हेच सांगितलं. म्हणून मृत्यूची तारीख, ठिकाण आणि जन्म-मृत्यू निबंधकाला नोंदीचा आदेश, तिन्ही स्पष्ट मागा. तारीख नसलेला हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) नोंदीच्या फॉर्मवर अडतो. हुकूमनाम्याची नक्कल जन्म-मृत्यू विभागात दिली, नोंद झाली.