बागेतला लाकडी डेक: वखारीत जाण्याआधी कागदावर

डेकसाठी लाकूड घेताना बहुतेक जण चौरस फूट धरून हिशेब करतात. वखारवाला मात्र घनफुटाने पैसे घेतो, आणि तेही बहुधा रंधा मारण्याआधीच्या मापावर. घोळ इथेच होतो.

समजा, डेक 12 बाय 10 फुटांचा आहे. फळ्या 12 फुटी, रंधा मारून साडेपाच इंच रुंद आणि एक इंच जाड. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट सोडली, तर 10 फुटांत 21 फळ्या बसतात, म्हणजे 252 रनिंग फूट (सगळ्या फळ्यांची मिळून लांबी). तयार मापाने हे साधारण 9.6 घनफूट भरतं. पण फळी 6 बाय सव्वा इंच कापून घेतली, तर बिल 13.1 घनफुटांचं येतं! म्हणून भाव विचारताना आधी "माप रंध्याआधीचं की नंतरचं?" हे विचारून घ्या. वर गाठी आणि तडे धरून दहा टक्के जास्त घ्या.

फट वाचवायला जाऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि पाण्यालाही खाली वाट हवी.

खालचे वासे 16 इंचांवर धरले, तर 10 फुटी 10 लागतील. प्रत्येक वाशावर फळीला दोन, असे 420 स्क्रू. ते स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे गंजून सागावर काळे डाग पाडतात.

आणि लांबी ठरवण्याआधी वखारीत किती फुटी माल आहे ते बघा. साडेबारा फुटांचा डेक म्हणजे पुढच्या मापाची फळी घेऊन उरलेले तुकडे सांभाळणं.