‘हॅश डिक्रिप्ट करून दे’ असं कोणी म्हणालं तर काय करायचं

‘जुन्या डेटाबेसमधले पासवर्ड डिक्रिप्ट करायचेत, किल्ली कुठे मिळेल?’ टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. डिक्रिप्ट करणं म्हणजे किल्ली लावून झाकलेला मजकूर परत वाचणं. पण त्या डेटाबेसमध्ये पासवर्ड नसतात, त्यांचे हॅश असतात, म्हणजे पासवर्डवर ठरलेला हिशेब करून काढलेलं उत्तर, आणि ते मागे फिरवता येत नाही. का, ते कळावं म्हणून मी आधी त्यांच्याकडून एक हिशेब करून घेते. तुम्हीही कागद घ्या.

५८ चा वर्ग करा, त्याला ९७ ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. वर्ग ३३६४, बाकी ६६. आता ३९ घ्या. वर्ग १५२१, बाकी पुन्हा ६६. १५५ घेतले तरी ६६च. तेव्हा हातात नुसते ६६ असतील, तर सुरुवात कोणत्या संख्येपासून झाली हे सांगता येणार नाही. ती माहिती ६६ मध्ये उरलेलीच नाही. हॅश काढण्याच्या एसएचए-२५६ या पद्धतीचंही तसंच: तिला एक शब्द द्या नाहीतर मोठी व्हिडिओ फाइल द्या, उत्तर २५६ बिटांचंच येतं.

बहुतेक जण समजावून सांगताना इथे थांबतात, आणि ते मला अपुरं वाटतं. आठ अक्षरी पासवर्ड २५६ बिटांपेक्षा कितीतरी लहान असतो. कीबोर्डवरून टाइप करता येतील ते सगळे आठ अक्षरी पासवर्ड घेतले, तरी त्यांतल्या कुठल्याही दोघांचा हॅश सारखा निघणं जवळपास अशक्य आहे. म्हणजे इथे माहिती हरवलेली नाही. तरीही मागे जाता येत नाही, ते का?

त्यासाठी एसएचए-२५६ च्या आत बघावं लागतं. मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे होतात. नेहमीचा पासवर्ड एकाच तुकड्यात मावतो. आत प्रत्येकी ३२ बिटांचे आठ आकडे असतात. त्यांच्या सुरुवातीच्या किमती जाहीर आहेत, पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून काढलेल्या. मग ६४ फेऱ्या होतात आणि दर फेरीत मजकुरातून तयार केलेला ३२ बिटांचा एक तुकडा (त्याला ‘शब्द’ म्हणतात) या आकड्यांत मिसळला जातो. शेवटी सुरुवातीच्या किमती पुन्हा मिळवल्या की हॅश तयार. यातली प्रत्येक फेरी उलटी फिरवता येते, पण तीत कोणता शब्द मिसळला होता हे माहीत असेल तरच. आणि तो शब्द तर पासवर्डातूनच आलेला असतो! उलट जायला जी किल्ली लागते, ती म्हणजे तुम्ही शोधताय तो पासवर्डच. एन्क्रिप्शनमध्ये किल्ली मजकुराहून वेगळी असते, म्हणून ती जपून ठेवता येते आणि मजकूर परत काढता येतो. इथे वेगळी किल्ली कधी नव्हतीच.

‘पण एमडी५ तुटलाय ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. एमडी५ आणि एसएचए-१ या हॅश काढण्याच्या जुन्या पद्धती. २००४ मध्ये एमडी५ साठी आणि २०१७ मध्ये एसएचए-१ साठी, एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या गेल्या. डिजिटल सह्यांसाठी ते घातक आहे. दिलेल्या हॅशवरून मजकूर काढणं ही मात्र निराळी गोष्ट.

मग ‘हॅश डिक्रिप्ट करून मिळेल’ म्हणणाऱ्या साइट्स करतात काय? अंदाज. लोक नेहमी ठेवतात त्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवायचे आणि तुमचा त्यांत शोधायचा. एमडी५ आणि एसएचए-२५६ मुद्दाम वेगवान बनवलेले आहेत. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख एसएचए-१ हॅश बाहेर आले. त्यांना सॉल्ट, म्हणजे हॅश काढण्याआधी प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक मजकूर, नव्हतं, त्यामुळे एक अंदाज एकाच वेळी सगळ्या यादीशी ताडून बघता येत होता.

तेव्हा आपली सगळी मेहनत अंदाज महाग करण्यात घालायची. मी कोड तपासायला बसले की आधी पासवर्डचा कॉलम उघडते. ३२ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि a ते f) दिसली तर बहुधा एमडी५, ४० असतील तर एसएचए-१, ६४ असतील तर एसएचए-२५६. तिन्ही पासवर्डसाठी नकोत. पासवर्डसाठी मुद्दाम संथ बनवलेली आर्गॉन२आयडी ही हॅश पद्धत वापरा, ती जमत नसेल तर तशाच प्रकारचं १९९९ चं बीक्रिप्ट अजूनही चालतं. त्यात कॉस्ट (किती मेहनत करायची ते ठरवणारा आकडा) एकने वाढवला की काम दुप्पट होतं. १० च्या खाली जाऊ नका. प्रत्येक पासवर्डचं वेगळं सॉल्ट लायब्ररी स्वतःच तयार करते. पासवर्ड तपासायलाही तिचंच फंक्शन वापरा, स्वतः तुलना लिहू नका. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच वाचतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपते, आणि काना-मात्राही त्यात मोजले जातात.

जुने एमडी५ पडून असतील तर लोक लॉगिन करतील याची वाट बघू नका. आहेत त्या हॅशवरच आज बीक्रिप्ट चालवा. त्याला हेक्स मजकूर द्या, कच्चे बाइट देऊ नका, कारण काही लायब्रऱ्या शून्य बाइट आला की तिथेच वाचणं थांबवतात. कोणत्या पद्धतीने हॅश केलाय ते वेगळ्या कॉलममध्ये नोंदवा, जुना एमडी५ पुसून टाका, आणि माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा थेट पासवर्डवरून नवा हॅश ठेवा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणणाऱ्याला जुना पासवर्ड पाठवायची सोय मागितली तर स्पष्ट नाही म्हणा आणि थोड्या वेळात संपणारी रीसेट लिंक द्या. तिच्यातलं टोकन (ओळख पटवणारा गुप्त मजकूर) ३२ यादृच्छिक बाइटचं असेल तर डेटाबेसमध्ये त्याचा साधा एसएचए-२५६ पुरतो, कारण त्याचा अंदाज बांधणं शक्यच नाही.

फोन नंबरचं याच्या नेमकं उलट आहे. ‘नंबर हॅश केलेत, आता ओळख लपली’ असं मी अनेकदा ऐकते आणि दर वेळी काळजी वाटते. दहा अंकी नंबर फार तर १००० कोटी असू शकतात. एसएचए-२५६ लावला असेल तर ते सगळे तपासायला त्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद पुरतात. नंबर नुसते एकमेकांशी जुळवायचे असतील तर एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश, वापरा आणि ती किल्ली डेटाबेसच्या बाहेर ठेवा. नंबर परत वाचायचा असेल तर तो एन्क्रिप्टच करा.