गॅलरीतली गलिच्छ घोषणा कशी थांबवायची

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा सामना असो, गोव्यात फातोर्ड्याचा असो किंवा अंधेरीच्या मैदानावरचा, गॅलरी गाजली नाही तर फुटबॉलला रंगत येत नाही. गॅलरी गप्प करणं हा इथे हेतू नाही. बाईच्या अब्रूवर उठणारी घोषणा तेवढी त्या आवाजातून काढायची आहे. तालीम मंडळं (पेठेपेठेतले फुटबॉल संघ चालवणारी मंडळं), समर्थकांचे गट, स्पर्धेचे आयोजक आणि साधे प्रेक्षक या सगळ्यांना हे करता येतं, मात्र प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

घोषणा कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा

सगळ्या घोषणांवर एकच औषध चालत नाही. आपल्याकडे तीन प्रकार ऐकू येतात.

पहिला प्रकार आई-बहिणीवरून. शिवी प्रतिस्पर्धी गोलरक्षकाला किंवा पंचाला असते, पण जिचं नाव निघतं ती बाई मैदानात नसतेही. त्यामुळे देणाऱ्याला वाटतं, यात बाईचा काय संबंध? संबंध असा की पुरुषाला दुखवायचं हत्यार म्हणून त्याच्या घरातली बाई वापरली जाते, आणि गॅलरीत बसलेली प्रत्येक मुलगी ते ऐकते. मुली सामन्याला येईनाशा होतात त्या या घोषणांमुळे, कारण या घोषणा प्रत्येक सामन्यात होतात.

दुसरा प्रकार ‘बांगड्या भरा’. यात शिवी नाही, अश्लील शब्द नाही, म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. हरणाऱ्या संघाकडे बांगड्या दाखवणं, साडी-चोळीची भाषा करणं, ‘बायकांसारखे खेळता’ म्हणणं, तृतीयपंथीयांच्या नावाने हिणवणं हे सगळं यातच येतं. याच्यावर पोलिसांकडे जाऊन फारसं काही होत नाही. मंडळाचा आणि स्पर्धेचा स्वतःचा नियमच इथे कामाला येतो.

तिसरा प्रकार समोरच्या बाईवर थेट. महिला पंच, सहायक पंच, फिजिओ, खेळाडू, पत्रकार किंवा शेजारून जाणारी प्रेक्षक. इंग्लंडमध्ये २०१५ च्या सुमारास चेल्सीच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो जखमी खेळाडूला बघायला मैदानात धावत, तेव्हा काही स्टेडियममधून त्यांच्यावर लैंगिक घोषणा होत असत. कामावर असलेल्या बाईला तिथून हलता येत नाही, उलट उत्तर देता येत नाही. म्हणून या प्रकारात समजावणीत वेळ घालवू नये. लगेच आयोजक आणि पोलीस.

घोषणा कशी उठते, कशी टिकते

गॅलरीतली घोषणा आपोआप उठत नाही. एक जण ती सोडतो, दहा-पंधरा जण झेलतात, आणि ठेका सापडला की बाकीचे ओढले जातात. सोडणारा बहुतेकदा ढोल-ताशाच्या किंवा हलगीच्या आसपास उभा असतो, कारण ठेक्याशिवाय घोषणा दोन-तीन फेऱ्यांत विरते. तेव्हा शंभर लोकांना गप्प करायला जाऊ नका. वादक आणि सोडणारा, एवढी दोनच माणसं धरायची.

यातही वादक जास्त महत्त्वाचा. सोडणाऱ्याला सगळ्यांसमोर टोकलं तर तो इरेला पेटतो. वादकाला फक्त ठेका बदलायला सांगायचं असतं, त्यात त्याचा मान जात नाही. गलिच्छ घोषणा सुरू होताच वाद्य थांबणार किंवा ठेका बदलणार, असं वादकाशी सामन्याच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. खूण साधी असावी: हात वर, मूठ बंद. गोंगाटात शब्द ऐकू जात नाहीत.

सामन्याआधी

मोसम सुरू होण्यापूर्वी मंडळात एक बैठक घ्या. फलकावर नियम लावून भागत नाही. तालमीतली जुनीजाणती माणसं, पोरं ज्यांचं ऐकतात ते माजी खेळाडू आणि वादक, तिघंही बैठकीला हवेत. नियम चार ओळींत लिहा आणि कोणत्या घोषणा बंद ते शब्दांसकट वाचून दाखवा. इथे भीड आडवी येते. बायका बसल्या आहेत म्हणून शब्द उच्चारले जात नाहीत आणि ‘असभ्य वर्तन करू नये’ एवढ्यावर बैठक आटोपते. मग मैदानात जो तो म्हणतो, आमची घोषणा असभ्य नव्हतीच.

बंद केलेल्या प्रत्येक घोषणेच्या जागी दुसरी द्या. हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो. नवी घोषणा जुन्या ठेक्यावर बसली पाहिजे, दोन दमांत म्हणता आली पाहिजे आणि तिचा शेवट झेलता येईल अशा मोकळ्या स्वरावर हवा. ‘आ’ आणि ‘ओ’ लांबवर जातात, जोडाक्षरावर संपणारी घोषणा झेलताना फाटते. आपल्या खेळाडूचं नाव, पेठेचं नाव, जर्सीचा रंग यांतून बांधा. प्रतिस्पर्ध्याला डिवचायचंच असेल तर त्याच्या खेळावरून डिवचा: हुकलेली पेनल्टी, सुटलेला चेंडू. पाच-सहा घोषणा तयार ठेवा आणि वादकांसोबत किमान दोनदा म्हणून बघा. कागदावर छान दिसणाऱ्या निम्म्या घोषणा ठेक्यावर बसत नाहीत.

दर शंभर प्रेक्षकांमागे दोन स्वयंसेवक नेमा, एक वरच्या पायऱ्यांवर, एक खाली. एकट्याला पाठवू नका. जोडी त्याच पेठेतली असावी. समोरच्या संघाच्या माणसाने टोकलं की त्याचं भांडणच होतं. बायकांना स्वयंसेवक जरूर करा, पण तापलेल्या घोळक्यासमोर ढाल म्हणून उभं करू नका.

आयोजकांनी तिकिटावर आणि प्रवेशद्वारावर तक्रारीचा एक मोबाइल नंबर छापावा. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांकडे अशी सोय आहे: प्रेक्षक जागेवरूनच गॅलरी, रांग आणि काय चाललंय ते मेसेज करतो, उठून जावं लागत नाही. नंबर छापला तर तो फोन सामनाभर एकाच माणसाच्या हातात असला पाहिजे आणि त्याच्याकडे दुसरं काम नसावं. आपल्या गॅलऱ्यांना बहुधा आसन क्रमांक नसतात. म्हणून पायऱ्यांच्या कठड्यावर दर दहा फुटांवर ठळक आकडे रंगवा. ‘पूर्व बाजू, खांब ७’ एवढं कळलं तरी पुरतं.

सामना सुरू असताना

पहिल्या फेरीतच हालचाल करा. घोषणा तीन-चार वेळा फिरली की ती गॅलरीची होते, मग ती मोडणं अवघड. क्रम असा: वादकाला खूण, ठेका बदल, दुसरी घोषणा मोठ्याने सुरू. तरी थांबली नाही तर जोडीतला एक जण सोडणाऱ्याच्या बाजूला जाऊन खांद्यावर हात ठेवून, कानाजवळ सांगतो: “भावा, ही नको. दुसरी घे, आम्ही झेलतो.” समोर उभं राहून बोट दाखवू नका. त्याचा मोबाइल, झेंडा हिसकावू नका. दारूचा वास आला तर वाद न घालता पोलिसांना बोलवा.

साध्या प्रेक्षकाने काय करावं? घोषणेत सामील होऊ नये, हसू नये, आणि सोबतच्या दोघा-तिघांसह दुसरी घोषणा सुरू करावी. एकट्याने उभं राहून ओरडून विरोध केला तर पुढची घोषणा त्याच्याच नावाने येते.

ध्वनिवर्धकावरची सूचना खेळ थांबलेला असताना द्या, थ्रो-इन किंवा दुखापतीच्या वेळी. चालू खेळात कुणी ऐकत नाही. मजकूर दहा सेकंदांत संपावा: “पूर्व बाजूच्या गॅलरीतून स्त्रियांचा अपमान करणारी घोषणा सुरू आहे. ती आत्ता थांबवा. पुन्हा झाली तर पंच सामना थांबवतील.” घोषणेचे शब्द उच्चारू नका, संघाचं किंवा पेठेचं नाव घेऊ नका, विनवण्याही करू नका. नाव घेतलं की गॅलरी एकवटते.

पंचाकडे अधिकार आहेत. खेळाच्या नियम क्रमांक ५ नुसार बाहेरच्या हस्तक्षेपामुळे तो सामना थांबवू, तहकूब करू किंवा रद्द करू शकतो. फिफा आणि युएफा (युरोपातली फुटबॉल संघटना) भेदभावाच्या घटनांत तीन पायऱ्या वापरतात: खेळ थांबवून सूचना; तरी चालूच राहिलं तर संघांना काही वेळ ड्रेसिंग रूममध्ये नेणं; त्यानंतरही झालं तर सामना रद्द. फिफाच्या शिस्तसंहितेत लिंगावरून केलेला अपमान भेदभावातच धरला आहे. पण स्थानिक स्पर्धेच्या नियमपत्रिकेत या पायऱ्या लिहिलेल्या नसतील, तर दहा हजारांच्या गॅलरीसमोर पंच कचरतो. तेव्हा त्या छापून घ्या आणि दोन्ही कर्णधारांना नाणेफेकीच्या वेळी सांगा.

पुरावा

मोबाइलवर चित्रण करताना ढोलापासून लांब सरका. जवळच्या ढोलाने माइक भरून जातो आणि शब्द कळत नाहीत. आधी धावफलक किंवा मैदान दाखवा, मग गॅलरी, मग शक्य असेल तर घोषणा सोडणाऱ्याच्या बाजूचा फलक किंवा खांब. सलग अर्धा मिनिट तरी चित्रित करा, मध्ये तोडू नका. सामन्याचं मिनिट आणि घड्याळातली वेळ लगेच लिहून ठेवा. कुणी बघितलं तर फोन खिशात. चित्रणापेक्षा तुमची सुरक्षितता मोठी.

मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तिच्यातली मूळ माहिती जाते. प्रत हवी असेल तर केबलने पेनड्राइव्हवर घ्या. न्यायालयात वापरताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) भरायची असते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. चित्रण समाजमाध्यमावर टाकू नका. जिच्यावर घोषणा झाली तिचा अपमान त्याने गावभर होतो, आणि ती १८ वर्षांखालची असेल तर तिची ओळख उघड करणं हाच गुन्हा ठरू शकतो.

कायदा

तातडीला ११२. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला गॅलरी, खांब आणि कपड्यांचं वर्णन द्या.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारणं किंवा गाणं म्हणणं कलम २९६ मध्ये येतं; तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, आवाज किंवा हावभाव केले तर कलम ७९. तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. लैंगिक शेरेबाजी कलम ७५ मध्ये, एक वर्षापर्यंत. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरूनही शिवी असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करा.

तक्रारी कोसळतात त्या एका वाक्यावर: ‘अश्लील शिवीगाळ केली.’ नेमके शब्द काय होते ते लिहावेच लागतात, आणि त्याने तक्रारदाराला त्रास झाला हेही. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम २९४ (आताचं कलम २९६) बाबत २०२२ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. हात थरथरला तरी शब्द जसेच्या तसे लिहा. ठाण्याची हद्द वेगळी म्हणून तक्रार नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं.

आपल्याकडे प्रेक्षकांच्या घोषणांसाठी वेगळा कायदा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ पासून आहे: सामन्यात अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं हा गुन्हा, दंड एक हजार पौंडांपर्यंत. मूळ कायद्यात घोषणा ‘इतरांसोबत’ दिलेली असावी लागे, म्हणून एकटा ओरडणारा सुटत असे. १९९९ मध्ये दुरुस्ती करून एकट्यालाही धरलं. शिवाय न्यायालय दोषी प्रेक्षकाला सामान्यतः तीन ते पाच वर्षं मैदानबंदी करू शकतं.

मंडळाने शिक्षा कशी करावी

नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी लेखी समज आणि दोन सामन्यांची बंदी, दुसऱ्यांदा पूर्ण मोसम. निर्णय तीन जणांनी घ्यावा, त्यात एक बाई असावी, आणि चित्रण बघितल्याशिवाय किंवा दोन साक्षीदारांचं ऐकल्याशिवाय घेऊ नये. बंदी घातलेल्याचा फोटो फक्त प्रवेशद्वारावरच्या माणसांकडे द्या, चौकात लावू नका.

आयोजकांनी थेट संघाचे गुण कापायची घाई करू नये. दुसऱ्याच्या रंगाची जर्सी घालून कुणीही गॅलरीत शिरू शकतो आणि मुद्दाम घोषणा देऊ शकतो. आधी मंडळाला माणूस ओळखून द्यायला सात दिवस द्या. मंडळाने लपवाछपवी केली, तर मग आर्थिक दंड, आणि त्या गॅलरीचा तो कप्पा पुढच्या सामन्याला रिकामा.

आणि जिच्यावर घोषणा झाली तिला त्याच दिवशी भेटा. पाणी द्या, शांत जागी बसवा, घरी किंवा हॉटेलवर सोडायला माणूस द्या. तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. “जाऊ दे, पोरं आहेत” हे वाक्य तिच्यासमोर कुणी उच्चारू नये. महिला पंच असेल तर तिचा अहवाल सामना निरीक्षकाच्या अहवालाला जोडून घ्या, आणि चौकशीत काय ठरलं ते तिला लेखी कळवा.